बाबांचे अकरा सेकंद

१

माझे बाबा अकरा सेकंद गप्प बसले आणि चोर ठरले.

तिसऱ्या भागात, अठ्ठाविसाव्या मिनिटाला. दिग्दर्शिकेचा आवाज विचारतो, "मग ते शेवटचं रीळ नेलं कोणी?" पडदाभर बाबांचा चेहरा. ते उत्तर देत नाहीत. नजर हळूहळू खाली जाते. ओठ किंचित हलतात, डोळे भरून येतात. मागे एकच खालचा सूर लांबत राहतो. मग पडदा काळा.

गुन्ह्यांच्या खऱ्या गोष्टी सांगणाऱ्या मालिकेतला हा भाग गुरुवारी आला. शुक्रवारी शेजारच्या काकू जिन्यात आईला बघून किल्ल्या शोधायला लागल्या. शनिवारी चित्रपट-संस्थेचं पत्र आलं. बाबा तिथे आठवड्यातून तीन दिवस मुलांना जुने फिल्म प्रोजेक्टर चालवायला शिकवतात. पत्रात एवढंच: बुधवारी समितीची बैठक आहे, तोवर वर्गावर येऊ नये.

बाबांनी पत्राच्या चार घड्या केल्या आणि ते चष्म्याच्या डबीत ठेवलं. "मुलांना परवा स्प्लायसिंग, तुटलेली फिल्म जोडणं, शिकवणार होतो," म्हणाले. "आता ती चिकटपट्टी वाकडी लावणार."

प्रकरण एकवीस वर्षांपूर्वीचं. बाबा ज्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे, तिथल्या अडगळीत एका जुन्या चित्रपटाची जगातली एकुलती एक प्रत सापडली. सहा रिळं, सहा डबे. ती ओळखली एका तरुण अभ्यासकाने. खास दुपारचा खेळ ठरला. मध्यंतर झालं, आणि बाबांच्या खोलीतून सहावा डबा गेला. चित्रपटाचा शेवट कोणी पाहिलाच नाही. आरोप सिद्ध झाला नाही, पण बाबांनी नोकरी सोडली. अभ्यासकाने मात्र त्या हरवलेल्या शेवटावर तीनशे पानांचा ग्रंथ लिहिला आणि तो मोठा झाला. मालिकेत सगळ्यात जास्त तोच बोलतो. मऊ आवाजात, पुस्तकांच्या कपाटासमोर. "ही प्रोजेक्टरवरची माणसं साधी होती हो. रिळाच्या शेपटाला टॉफीची जांभळी चांदी चिकटवून ठेवायची. हातात केवढा ठेवा आहे, त्यांना काय कळणार?"

मी जाहिरातींचं संकलन करते. करायचे, म्हणायला हवं. सात महिन्यांपूर्वी ठमी झाली, आणि तेव्हापासून मी फक्त ठमी बघते. ती झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाखाली बोट धरते. नवरा म्हणतो, "अगं, पोरगी झोपते तरी कशी, एवढ्या पहाऱ्यात?" म्हणू दे. बघत राहणं हा माझा धंदाच होता, आता स्वभाव झालाय.

रविवारी दुपारी ठमीला मांडीवर घेऊन मी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच गप्प बसलात?"

"दिलं असेल काहीतरी उत्तर. दोन महिने झाले."

"आणि त्या दिवशी मध्यंतरात खोली उघडी टाकून कुठे गेला होतात?"

त्यांनी ठमीच्या पायातला मोजा वर ओढला. "खाली गेलो होतो."

"कशाला?"

"गेलो होतो म्हटलं ना. बस्स."

एकवीस वर्षं ते एवढंच सांगत आलेत. त्या दुपारी पहिल्यांदा मला जाणवलं: बाबा काहीतरी लपवत होते.

२

सोमवारी सकाळी ठमी झोपल्यावर मी कानांवर हेडफोन चढवले आणि ते अकरा सेकंद पुन्हा लावले. आधी पन्नास वेळा पाहिले होते. आता डोळे मिटून ऐकले.

सुराच्या खाली काहीतरी होतं. बारीक, ठरावीक अंतराने येणारं. फू... सुं. फू... सुं. शेवटी बारीक शिट्टी.

मी हेडफोन काढून पाळण्याकडे धावले. ठमी शांत झोपली होती, नाक स्वच्छ. पुन्हा येऊन ऐकलं. शिट्टी होतीच.

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. दोन महिन्यांपूर्वी ठमीला पहिली सर्दी झाली तेव्हा मी चार दिवस हा एवढाच आवाज ऐकत बसले होते. डाव्या नाकपुडीची शिट्टी.

मी आईला हाक मारली. "आई, मुलाखत घ्यायला आले होते तेव्हा ठमी कुठे होती?"

"आतल्या खोलीत, माझ्याजवळ. तू नाकात घालायचे थेंब आणायला गेली होतीस. दुकानदाराला तीन वेळा एक्सपायरी विचारली असशील, तासभर आलीच नाहीस."

"मग?"

"मग किरकिरायला लागली. पण तोवर मुलाखत आटपली होती. मी दिली ह्यांच्या मांडीवर, तशी झोपली. ते लोक सामान आवरत होते. तो आवाजवाला म्हणाला, आता अर्धा मिनिट कोणी हलू नका, बोलू नका. मी श्वाससुद्धा रोखून धरला, बाई. कशाला ते काही कळलं नाही."

मला कळलं.

प्रत्येक खोलीला आपली एक शांतता असते. पंख्याची, भिंतींची, बाहेरच्या रस्त्याची. मुलाखत संपली की ध्वनिमुद्रक सगळ्यांना गप्प बसवून ती शांतता तीस सेकंद टिपून घेतो. पुढे दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती लागते. कॅमेरा कधी कधी तसाच चालू राहतो. आणि समोरचा माणूस? तो सांगितल्याप्रमाणे निमूट बसलेला असतो.

मी चित्र मोठं केलं, एकेक चौकट पुढे सरकवली. नवव्या सेकंदाला, अगदी खालच्या कडेला, एक पिवळं टोक आत आलं आणि गेलं. मोज्याचं टोक. आईने विणलेला, एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा झालेला तो मोजा.

बाबा प्रश्नाला गप्प बसले नव्हते. ते झोपलेल्या नातीकडे बघत होते. डोळ्यांतल्या ज्या पाण्याला सगळं गाव पश्चात्ताप म्हणालं, ते कौतुक होतं!

मी नाचलेच. नवऱ्याला फोन केला. तो खूश झाला, आणि मग त्याच्या सवयीप्रमाणे नेमकं बोट ठेवलं. "उत्तम. पण मागच्या दाराचं काय? तो डबा घेऊन जाणारा माणूस तर दिसतोच ना त्यात."

३

तो माणूस दिसायचा, आणि सगळा भाग त्याच्यावरच उभा होता.

तिकीटखिडकीवरच्या मावशींनी त्या दिवशी नवा व्हिडिओ कॅमेरा आणला होता. मध्यंतरात तो चालूच राहून त्यांच्या हातात लोंबकळत होता. त्यामुळे चित्रात माणूस आहे तो मानेखालचा. पांढरा शर्ट, काखेत रिळाचा डबा. तो प्रोजेक्टरच्या खोलीचा जिना उतरतो आणि डावीकडे वळतो. डावीकडे मागचं दार. मागच्या दाराची किल्ली फक्त बाबांकडे. निवेदक हे तीन वाक्यांत सांगतो आणि थांबतो. पुढचं प्रेक्षक स्वतःच म्हणतात. हीच तर हुशारी.

मी ते चित्र थांबवून बसले. काहीतरी बोचत होतं. नकळत माझी जीभ पुढच्या दाताकडे गेली. तो दात अर्धा नकली आहे. नऊ वर्षांची असताना त्याच जिन्याच्या लोखंडी कठड्यावर आपटून तुटला. उतरताना उजव्या हाताला कठडा, डाव्या हाताला भिंत. त्या जिन्यावर मी वाढलेय, अंधारातही उतरेन.

चित्रात कठडा त्या माणसाच्या डाव्या हाताला होता.

मग शर्टाचा खिसा पाहिला. उजव्या छातीवर. असा शर्ट कोणता शिंपी शिवतो?

चित्र उलटं होतं. आरशात दिसतं तसं. भिंतीवरच्या पोस्टरांची अक्षरं उलटी दिसली असती तर कोणाच्याही लक्षात आलं असतं. पण हक्कांची कटकट नको म्हणून पोस्टरं धूसर केलेली.

हे कशासाठी करतात तेही मला ठाऊक होतं. आधीच्या, नटांकडून पुन्हा घडवलेल्या प्रसंगात नट पडद्यावर उजवीकडे चालत जातो. पुढच्या चित्रात माणूस डावीकडे चालला, तर प्रेक्षकाला वाटतं हा परत का फिरला? म्हणून संकलक चित्र उलटवतो. मी स्वतः एका साबणाच्या जाहिरातीत गाय उलटवली आहे. पण गाय कोणाची किल्ली घेऊन मागच्या दाराने पळाली नव्हती.

म्हणजे तो माणूस खरा उजवीकडे वळला. पुढच्या दालनाकडे. तिथले दोघं तर मला ठाऊक होते: मॅनेजरकाकांची खोली तिकडेच, आणि पाहुण्या अभ्यासकाची खुर्चीही तिकडेच मांडलेली.

आणखी एक. बाबा डबा कधीच काखेत मारत नाहीत. जुन्या डब्यांची झाकणं सैल असतात, उभा धरला की रीळ आतल्या आत घसरतं. "भरली परात नेतो तसा न्यायचा, पोटाशी, आडवा," हे त्यांनी मला अक्षरं गिरवायच्या आधी शिकवलंय. हा मनुष्य फाइल नेल्यासारखा चालला होता.

दुपारी ठमीला कांगारूसारखी पोटाशी बांधून मी मावशींकडे गेले.

"कॅसेट दे म्हणतेस? त्या मालिकेवाल्या बाईने नेली होती, परत आणून दिली. थिएटरात चित्रण केलं म्हणून पकडतील या भीतीने मी वीस वर्षं बिस्किटांच्या डब्यात लपवली होती, ठाऊक आहे?" मावशींनी बोलता बोलता ठमीचा गाल ओढला. मी तो हळूच पुसला. "पूस पूस. विष आहे ना माझ्या हाताला!"

त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यालाच टीव्ही जोडला. चित्र तेच, पण सुलटं. माणूस उजवीकडे वळला. आणि मालिकेत जिथे नुसतं संगीत होतं, तिथे इथे आवाज होता.

एक मूल जिवाच्या आकांताने रडत होतं.

४

पाठोपाठ बाबांचा आवाज. एकवीस वर्षांनी तरुण. "आलो, आलो बाळा. बघू. तोंड उघड. काही नाही झालं, दातच आहे, दुसरा येईल." आणि मॅनेजरकाकांचा, घाबरलेला: "अरे कापूस आणा कोणीतरी! माझ्या शर्टानेच पूस तिचं तोंड, पूस, पूस!"

कॅमेरा जिन्याखाली. आवाज जिन्याच्या पलीकडून. आणि त्याच वेळी, त्या दोन्ही आवाजांच्या अलीकडून, पांढरा शर्ट डबा घेऊन चालत गेला.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. "तूच ती. तुला माहीत नव्हतं?"

दात तुटला हे माहीत होतं. कोणत्या दिवशी, हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.

मी तिथूनच मॅनेजरकाकांना फोन लावला. ते बराच वेळ खोकले. "तुझ्या बापाने शब्द घेतला होता माझ्याकडून. म्हणाला, मी कशासाठी खाली आलो हे कोणाला सांगू नका. पोरीला आयुष्यभर वाटेल, माझ्यामुळे गेलं. मी म्हटलं, अरे वेड्या, पोलिसांना तरी सांग. तर म्हणतो, नोकरी दुसरी मिळेल. लाखात एक माणूस, आणि गाढव नंबर एक."

मी ठमीच्या डोक्यावर ओठ टेकवून उभी राहिले. पोरीला शिंक आली तर जग थांबवणारी मी. आणि या माणसाने एकवीस वर्षं स्वतःचं नाव थांबवून ठेवलं, मला ठेच लागू नये म्हणून. रडू आलं, पण त्याहून जास्त छाती भरून आली. तेवढ्यात मावशींनी टोकलं, "रडू नको, पोरगी बघतेय."

बाबाही नाहीत, मॅनेजरकाकाही नाहीत. मग अभ्यासक? पण पुढच्या दालनात बोलावलेले आणखी वीस जण असतील. मानेखालचा पांढरा शर्ट म्हणजे पुरावा नव्हे.

मंगळवारी मी मालिकेचे तिन्ही भाग पुन्हा लावले, टीव्हीकडे पाठ करून, ठमीच्या कपड्यांच्या घड्या घालत. एव्हाना शिकले होते: चित्र आणि संगीत मिळून आपल्याला सांगतात कुठे बघायचं, म्हणजेच कुठे ऐकायचं नाही. पाठ केली की नुसते शब्द उरतात.

दुसऱ्या भागात, अभ्यासकाच्या मऊ आवाजातलं एक वाक्य आलं आणि माझ्या हातातलं झबलं खाली पडलं.

"बाबा," मी ओरडले, "टॉफीची चांदी तुम्ही कुठल्या रिळाला लावायचात?"

५

बुधवारी सकाळी अकराला संस्थेच्या छोट्या प्रेक्षागृहात समिती बसली. प्राचार्या, दोन प्राध्यापक, आणि समितीचे मानद सदस्य म्हणून अभ्यासक स्वतः. मी दिग्दर्शिकेलाही बोलावलं होतं. ती हाताची घडी घालून शेवटच्या रांगेत. बाबा इस्त्रीच्या शर्टात, आई त्यांच्या शेजारी, ठमी आईकडे.

मी अकरा सेकंद संगीताशिवाय ऐकवले, जेवढं गाळता आलं तेवढं गाळून. मग मोज्याचं टोक दाखवलं. आईने पिशवीतून तो मोजा काढून टेबलावर ठेवला.

दिग्दर्शिका पुढे आली. "हे तंत्र आहे. सगळे वापरतात. खोटं नाही."

"तंत्रच आहे. मीही वापरते, म्हणून तर दिसलं," मी म्हटलं. "त्या प्रश्नाला बाबांनी दिलेलं खरं उत्तर तुमच्याकडे असेल ना?"

तिने हाताची घडी सोडली. "आहे. 'माहीत असतं तर एकवीस वर्षं झोप लागली असती' असं म्हणाले. लांबलं म्हणून कापलं." मग हळू आवाजात म्हणाली, "तो चेहरा मीच निवडला होता. मला वाटलं, काय शॉट सापडलाय."

मग कॅसेट. सुलट जिना, खिसा डाव्या बाजूला, बाबांचा आवाज, माझं रडणं. बाबांनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, नाहीतर पुढे बोलता आलं नसतं.

अभ्यासक मंद हसले. "छान. वडिलांवरचं प्रेम दिसतं. ते निर्दोष असतील तर मलाच सर्वांत आनंद. पण चोर कोण, हे कायमचं गूढच राहणार."

"तुमचं एक वाक्य ऐकवते," मी म्हटलं. चित्र बंद ठेवलं. अंधारात त्यांचा मऊ आवाज: "रिळाच्या शेपटाला टॉफीची जांभळी चांदी चिकटवून ठेवायची."

"बरं मग?"

"बाबा, सांगा यांना."

बाबा उभे राहिले. वर्गात राहतात तसे, हात मागे. "बाकीच्या पाच रिळांना काही लावायची गरज नसते. एक संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, दुसरं मशीन सुरू करायचं. शेवटच्या रिळाला पुढे कोणी नसतं. तिथे दिवे लावायचे असतात. पडदा पांढरा व्हायच्या आत. म्हणून फक्त सहाव्याच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, मी टॉफीच्या चमकत्या कागदाची चांदी लावायचो. बोटाला लागली की समजायचं. त्या दिवशी सकाळी लावली. हिने टॉफी खाल्ली होती, तिचीच जांभळी."

"रीळ बाहेरून बघितलं तर ती दिसत नाही," मी म्हटलं. "खेळाआधी गुंडाळलेल्या रिळाचं शेपूट सगळ्यात आत असतं. सहावं रीळ पूर्ण उलगडलं तरच रंग कळणार. आणि ते त्या दिवसानंतर कोणी उलगडलेलं नाही. कोणी म्हणजे, एकाशिवाय."

अभ्यासकांनी चष्मा काढला. "इतर रिळांवर पाहिली असेल मी."

"पाचही आपल्याच तिजोरीत आहेत," प्राचार्या म्हणाल्या. "मी स्वतः तपासली आहेत. चांदी नाही. तसा डागही नाही."

"मग यांनीच कधीतरी सांगितलं असेल."

"तुम्ही माझ्याशी बोललात कधी?" बाबांनी विचारलं. रागाने नव्हे, खरंच आठवत असल्यासारखं. "त्या दिवशीसुद्धा मॅनेजरांमार्फतच निरोप धाडत होतात."

त्यानंतर खोलीत शांतता पसरली. या वेळी कोणीही सांगितलेलं नव्हतं.

"ते तिथे कुजलं असतं," अभ्यासक अखेर म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता. "कोंदट खोली, विड्या ओढणारे लोक. मी ते जपलं. थंड कपाटात, एकवीस वर्षं."

"जपलंत," प्राचार्या म्हणाल्या, "आणि त्याचा शेवट कोणालाच माहीत नाही असं भासवून तुमचा तर्क छापलात. आत्ता माझ्या गाडीतून जाऊ. कपाट उघडायला."

जाताना दिग्दर्शिका बाबांपुढे थांबली. "चौथा भाग करीन. तुम्ही बोला, मी कापणार नाही."

"थोडं कापा," बाबा म्हणाले. "मी फार लांबण लावतो. ही कापेल. हिचा हात चांगला आहे."

एवढ्या लोकांसमोर म्हणाले. मी नखं बघत राहिले.

६

महिन्याभराने सहाही रिळं त्याच प्रेक्षागृहात लागली. प्रोजेक्टरवर बाबा, भोवती त्यांचा सगळा वर्ग. मावशी पहिल्या रांगेत, मॅनेजरकाका खोकत त्यांच्या शेजारी.

ग्रंथाच्या तीनशे पानांत नायिका शेवटी नदीत उडी घेते. खरी नायिका दार लावून निघते, दहा पावलं जाते, छत्री विसरली म्हणून परत येते आणि स्वतःशीच हसते. संपलं. सगळं प्रेक्षागृह हसलं. आणि ते हसू विरायच्या आत, पडदा पांढरा व्हायच्या आत, दिवे लागले. अगदी वेळेवर.

बाबा जिना उतरून आले. मूठ माझ्यासमोर उघडली. तळव्यावर जांभळ्या चांदीचा चुरगळलेला तुकडा.

"घे. तुझी आहे."

"बाबा, मला सांगायला हवं होतंत."

"सांगितलं असतं तर तू जिन्यावर पळायची थांबली असतीस," ते म्हणाले. "मला ते नको होतं."

माझ्या कडेवरून ठमी पुढे झेपावली आणि तिने चांदी मुठीत पकडली. माझा हात आपोआप पुढे गेला. तोंडात घालेल, घशात अडकेल, एकवीस वर्षांचे जंतू.

"राहू दे," बाबा म्हणाले. "मी बघतोय."

मी अकरा सेकंद राहू दिली. मोजून. मग काढून घेतली.